मेंढरांचे आठ हजार

‘माय, अकराच्या सुमाराला बँकेचा माणूस येईल घरी. तुझी कमाई विचारील. भ्यायचं न्हाई, खरं तेच सांग,’ एवढं बोलून परमेश्वरनं फोन ठेवला, आणि गोपिकाबाई तो कानाला लावून तशीच उभी राहिली. फोनमधून आता काहीच येत नव्हतं, तरी तिला वाटलं की आत कुणीतरी श्वास रोखून बसलंय आणि तिच्या उत्तराची वाट बघतंय. खरं तेच सांग. पोरानं हे असं सांगितलं जसं कुणी सांगावं, दार ओढून घे, दूध तापव. चौसष्ट वर्षांत तिला हे सांगायची कुणाची टाप नव्हती, कारण गोपिकाबाई खोटं बोलत नाही हे पिंपळगाव रेणुकाईपासून नवीन जालन्याच्या या गल्लीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बोलते ते तोंडावर, बोलते ते झोंबतं, पण खोटं नाही. फोन ओट्यावर ठेवला तेव्हा काचेवर तिच्या कानाचा घामट ठसा उमटला होता. तिनं तो पदरानं पुसला. मग पुन्हा पुसला. घड्याळात साडेनऊ झाले होते, आणि खिडकीतून मागच्या गोदामातला बियाण्याच्या औषधाचा गोडसर, घशाला चिकटणारा वास येत होता. चार वर्षं ती या वासात राहत होती आणि अजून तिच्या नाकाला तो पटला नव्हता. बी म्हटलं की हुंगून बघावं, दाताखाली फोडून बघावं. इथलं बी गुलाबी रंगाचं, विषात घोळलेलं, हात लागला तर साबणानं धुवा म्हणणारं.

परमेश्वर त्याच गोदामात होता, माल पाठवायच्या कामावर, एकवीस हजार पगारानं. कार्डाचं त्यानं मागच्या आठवड्यात जेवताना काढलं होतं. आधी वस्तू घरात आणायची आणि पैसे मागून हप्त्यानं भरायचे, असं ते कार्ड. त्यावर शिवकन्येला मोटारीची शिलाई मशीन घ्यायची, पिको-फॉल करणारी, म्हणजे घरबसल्या तिचं काम तिप्पट होईल. शिवकन्येनं तव्यावरची भाकरी त्या वेळी फार हळू उलटली होती, हे गोपिकाबाईनं बघितलं होतं. मग परमेश्वरनं बँकेतली गंमत सांगितली. टेबलावरची पोरगी म्हणाली, सर, घराचं उत्पन्न पन्नास हजार लिहा, जास्तीची उधारी मंजूर होते, कोण बघायला येतंय. ‘मी म्हनलं, म्याडम, आमच्या घरात येतंय तेवढंच लिहा. माझे एकवीस, हिच्या शिलाईचे तीन, मायच्या मेंढरांचे आठ. बत्तीस. रुपया जास्ती न्हाई, रुपया कमी न्हाई. ती माझ्याकडं बघतच राह्यली. मी म्हनलं, आमच्या मायनं आमाला असंच शिकवलंय.’ असं म्हणून त्यानं आईकडं बघितलं, लहानपणी पाटी दाखवून बघायचा तसं. ‘जेव गुमान, लई शाना झाला,’ ती म्हणाली, आणि तो हसला, कारण या घरात शाबासकी अशीच मिळायची. ‘अन् हप्ता तर मायच्या आठातूनच बराबर निघतो,’ तो पुढं म्हणाला, ‘पगाराला हात लावायचं कामच न्हाई.’ तेव्हा तिच्या तोंडातला घास मोठा मोठा होत गेला. चावला तरी संपेना. पाण्याच्या घोटाबरोबर तिनं तो खाली ढकलला आणि हात धुवायला उठली. कारण मेंढरं नव्हती. बावीस महिने झाले, एकही मेंढरू नव्हतं.

पोराला हे ठाऊक नव्हतं यात पोराचा दोष नव्हता. मेंढरांचं कुणी विचारत नसतं. लग्न होऊन आली त्या वर्षी संध्याकाळी कळप वाघरीत शिरताना, जाळ्याच्या तोंडाशी उभी राहून तिनं बोटावर मोजायला सुरुवात केली होती, एक, दोन, तीन, नव्या नवरीची हौस. तर सासूनं मागून येऊन तिची बोटं मुठीत धरून अशी आवळली, की आठ दिवस भाकरी थापता आली नाही. ‘मोजलं की घटतं, बाई. देवीचं धन मोजायला तू कोण?’ मेंढक्याला कळप पाठ असतो, तोंडं ओळखीची असतात, एखादं कमी असलं तर संध्याकाळच्या धुळीतच कळतं. पण आकडा तोंडातून काढायचा नाही. व्यापाऱ्यानं विचारलं, तर हायेत थोडी. पाहुण्यानं विचारलं, तर देवीच्या दयेनं बरी हायेत. जनावरं मोजायला सरकारी माणूस आला होता एकदा, तर नवरा, म्हस्कू, म्हणाला होता, असतील पाच-पंचवीस. आणि पाठीमागं नजर पुरणार नाही एवढी मेंढरं उभी होती. तो माणूस हसला आणि पाच-पंचवीस लिहून गेला. त्याला काय, त्याला कागद भरायचा होता. तहसिलीत परमेश्वरच्या वसतिगृहासाठी उत्पन्नाचा दाखला काढला तेव्हाही सगळ्यांनी सांगितला तोच आकडा तिनं सांगितला, आणि मीनाच्या, लेकीच्या सोयरिकीत त्याच्या चौपट सांगितला. सरकारला कमी सांगायचं, सोयऱ्याला जास्त सांगायचं, आणि देवीला सांगायची गरज नाही. याला कुणी खोटं म्हणत नव्हतं. ती रीत होती. मग खरं सांगायचं ते कुणाला, असा प्रश्न तिला उभ्या जन्मात पडला नव्हता, तो आज ओट्यापाशी उभं राहून, गॅसच्या निळ्या जाळाकडं बघताना पडला. आणि चहा उतू गेला.

‘आत्या, उतू गेला,’ शिवकन्या मागच्या खोलीतून म्हणाली. शिवकन्या तिच्या सख्ख्या भावाची पोरगी, म्हणून सून असूनही आत्याच म्हणायची. मशीनच्या पायडलची खडखड थांबली नव्हती. न बघता तिला वासावरून कळलं होतं. या पोरीला वासावरून सगळं कळतं, हे गोपिकाबाईला आठवलं आणि तिनं गॅस बंद केला. ‘डोळे हायेत मला,’ ती म्हणाली. ‘तू तुझा ब्लाउज बघ. द्वारकाबाईच्या बाह्या मागच्या बारीला एक लांब अन् एक आखूड शिवली व्हतीस.’ ‘तिचे हातच तसे हायेत,’ शिवकन्या म्हणाली. एरवी गोपिकाबाई यावर हसली असती.

मेंढरं विकली त्यातही लाज वाटावी असं काही नव्हतं. दीर सुग्रीव निम्म्या वाट्यानं कळप सांभाळायचा. वर्षाची कोकरं, लोकर, शेतात कळप बसवल्याचं धान्य, जे येईल त्याचे दोन भाग. त्याची पोरं लोखंडाच्या कारखान्यात कामाला लागली, त्याचे गुडघे गेले, माळ तारेच्या कुंपणांनी आवळत आला. एक दिवस तो म्हणाला, ‘वहिनी, माझ्यानं आता होत न्हाई. मी तुमाला फसवून राह्यलो असं वाटतंय, चरतच न्हाईत, नुसती हिंडतेत.’ मग बाजाराच्या दिवशी ट्रक आला. मेंढरं चढवताना व्यापाऱ्यानं मोजली, मोठ्यानं, एकेकीच्या पाठीवर थाप मारत, आणि गोपिकाबाईनं कानात पदराचे बोळे घातले तरी शेवटचा आकडा ऐकू आलाच. अठ्ठावन्न. तिच्या वाट्याला दोन लाख तीन हजार आले. ते म्हस्कूच्या घोंगडीत गुंडाळून पिंपळगावच्या घरात पत्र्याच्या पेटीत ठेवले, वरखर्चाला थोडे कनवटीला लावले, आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीनं जालन्याला आली. वाटभर ती मनाशी वाक्य जुळवत होती. परमा, मेंढरं काढून टाकली. परमा, सुग्रीवभावजीचे पाय चालेनात. गल्लीच्या तोंडाशी आली तर दारात परमेश्वर कुणाशी तरी बोलत उभा होता, घरमालकाशी असेल, आणि म्हणत होता, ‘न्हाई न्हाई, माय आमच्या जिवावर न्हाई. तिचा कळप हाये गावाकडं. तीच आमाला देती.’ त्याच्या आवाजात जे होतं ते तिनं म्हस्कू गेल्यापासून कुणाच्या आवाजात ऐकलं नव्हतं. ती पायरीवर चढली, पिशवी खाली ठेवली, आणि जुळवलेलं वाक्य शोधायला गेली तर ते सापडलं नाही. कनवटीतून पाचशेच्या सोळा नोटा काढून तिनं पोराच्या हातावर ठेवल्या. ‘हे या महिन्याचे,’ ती म्हणाली. बस, एवढंच. तेवढ्या तीन शब्दांत ती बसली होती, आणि बावीस महिने झाले तरी तिला त्यातून उठता आलं नव्हतं.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती गावाला जायची. रेणुकाईच्या पायरीवर डोकं टेकवायची, पण गाभाऱ्याकडं बघायची नाही. मग घरी जाऊन पेटी उघडायची, सोळा नोटा काढायची, आणि मोकळ्या परसात, जिथं वाघर लागायची तिथं बसून राहायची. तिथं गवत उगवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेवर गवत उगवलेलं ती बघत होती, आणि त्या हिरव्या रंगाचा तिला राग यायचा, जसा एखाद्याच्या घरात माणूस गेल्यावर दुसऱ्याच दिवशी रेडिओ लावणाऱ्या शेजाऱ्याचा यावा. तिथं बसून ती नोटा घोंगडीवर घासायची, पुढून आणि मागून. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. पहिल्या महिन्यात नोटांना घोंगडीचा वास आपोआप लागला होता, पुढं तो कमी झाला तसे तिचे हात ते काम करू लागले, आणि तिनं हातांना विचारलं नाही. आणि मग गेल्या दिवाळीत, फराळाचं सामान आणायला त्यातल्या चार नोटा शिवकन्येच्या हातात दिल्या, तर त्या पोरीनं त्या नाकाजवळ नेल्या. मग म्हणाली, सहज, डोळ्यात काही न दाखवता, ‘नोटांना वास येतोय मेंढरांचा. तुमच्या लुगड्याला कसा न्हाई येत वो आत्या?’ गोपिकाबाई म्हणाली होती, ‘लुगडं धुते मी. तुझ्यासारखी चार दिवस न्हाई वापरत.’ शिवकन्या पिशवी घेऊन बाजाराला गेली. पण त्या दिवसापासून गोपिकाबाईला घरात पाठीवर काहीतरी जाणवायचं, माशी बसल्यासारखं. वळून बघावं तर शिवकन्या खाली मान घालून सुईत दोरा ओवत असायची.

दहा वाजले. पेटीत सत्तावीस हजार उरले होते. तीन महिन्यांचे आठ-आठ, आणि वर तीन. मशीनचे हप्ते अठरा होते. हा हिशेब ती दिवसातून इतक्या वेळा करत होती, की आता तो हिशेब राहिला नव्हता, दाढेत अडकलेल्या भुसासारखा झाला होता, जीभ आपोआप तिथं जायची. चौथ्या महिन्यात ती पोराच्या हातावर काय ठेवणार होती? रोग पडला म्हणता आलं असतं. लांडग्यानं फाडली म्हणता आलं असतं. दोन-तीनदा तिनं अंधारात पडल्या पडल्या मेलेली मेंढरं डोळ्यांपुढं उभी करून बघितली होती, फुगलेल्या पोटांची, आणि उठून बसावं लागलं होतं. नसलेल्या मेंढरांना मारायचं तरी तिच्यानं झालं नाही. मग वाटलं, आत्ताच उठावं, पिशवी घ्यावी आणि बसस्टँडवर जावं. माणूस येईल, म्हातारी गावाला गेली म्हणतील, तो शिवकन्येलाच विचारील आणि शिवकन्या सांगील, आठ. पोरीनं आठ सांगितलं तर ते शिवकन्येचं खोटं, की पोराचं, की कुणाचंच नाही? पण मग समोरच्या द्वारकाबाईचं तोंड आठवलं. द्वारकाबाई चार लेकांकडं तीन-तीन महिने राहायची, एकाकडून दुसऱ्याकडं जाताना तीच पिशवी, तोच तांब्या. तिला गोपिकाबाई सगळ्या बायांत म्हणाली होती, ‘बाई, तू पोहऱ्यासारखी हायेस, ज्यानं सोडलं त्याच्या हिरीत.’ बाया हसल्या होत्या. द्वारकाबाईही हसली होती, हसताना कवळी हलली होती तिची. ते हसणं आता गोपिकाबाईच्या पोटात कुठंतरी खाली, थंड पाण्यात हलत होतं. तिनं केस विंचरले. पातळ बदललं. शेवटी ती अशी बसली की दार समोर यावं आणि उजेड तिच्या पाठीमागून यावा.

तो आला तो अकराला दहा कमी असताना. तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा फोन. चपला त्यानं दाराबाहेर काढल्या, एवढ्यावरूनच तिला कळलं की शहरातला नाही. ‘परमेश्वर म्हस्कूजी यांचं घर ना? मी कल्याण. बँकेनं तपासणीला पाठवलंय, फकत पाच मिनिटं.’ दाराचा, खोलीचा फोटो काढला. भाड्याचं का, किती वर्षं, घरात माणसं किती. शिवकन्या मधल्या दाराशी येऊन उभी राहिली होती, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच. तिला शिलाईचं विचारलं. ‘तीन हजार. लग्नसराईत चार. पर यांनी तीनच लिहिलं,’ ती म्हणाली. ‘बराबर केलं,’ कल्याण म्हणाला, ‘लोक तर ताई, घरातल्या कुत्र्याची बी कमाई दाखवतेत.’ मग तो गोपिकाबाईकडं वळला. ‘मावशी, तुमच्या नावावर पशुपालन लिहिलंय. आठ हजार महिना. मेंढ्या किती हायेत?’

खोली एकदम लहान झाली. शिवकन्येच्या श्वासाचा आवाज येऊ लागला. गोपिकाबाईच्या तोंडून जे आलं ते तिचं नव्हतं, सासूचं होतं, सासूच्या सासूचं होतं: ‘मेंढरं मोजून सांगत नसतेत.’ आणि कल्याण हसला, खराखुरा, ओळखीचं हसला. ‘ठाव हाये मावशी. मी बदनापूरकडचा, आमच्या आज्याचीबी मेंढरं व्हती. त्याला मी ल्हानपणी किती हायेत विचारलं, तर काठी घेऊन मागं लागल्ता. न्हाई लिहीत आकडा. आठ हजार बराबर हाये, एवढंच म्हना. नुसती मान हलवली तरी चालतंय.’

मान हलवली तरी चालतंय. किती सोपं करून दिलं होतं कल्याणनं. इतक्या पिढ्यांची रीत तिच्या पुढ्यात आडोशाला पडद्यासारखी धरून तो उभा होता, तिनं फक्त मागं सरकायचं होतं. आणि खोटं तरी काय होतं त्यात? आठ हजार घरात येत होते. महिन्याच्या महिन्याला, एकदाही चुकले नव्हते. पगार चुकला होता एकदा, तिचे आठ चुकले नव्हते. पोरानं येतंय तेच लिहिलं होतं. तिनंही आलं तेच सांगायचं. हे सगळं तिच्या मनात इतकं नीट बसलं की ती मान हलवणारच होती. मानेच्या शिरा ताणल्याही. पण त्याच वेळी तिला परमेश्वर दिसला, बँकेच्या त्या टेबलापुढं, पोरगी पन्नास लिही म्हणतेय आणि हा खुळा म्हणतोय, न्हाई, बत्तीस. जगात सगळे कमी नाहीतर जास्त सांगत होते, आणि तिच्या पोटचा एकटा नेमका आकडा घेऊन उभा होता, आणि त्या नेमक्या आकड्यातले आठ तिनं घोंगडीवर घासून वास लावलेले होते. बँकेला ती फसवू शकली असती. बँक तिची कोण लागत होती? तिला टोचलं ते हे, की आयुष्यात एकदा कुणीतरी खरं बोललं आणि ते तिच्यामुळं खोटं झालं. तिला पोराचा राग आला, भयंकर. कुणी सांगितलं होतं याला माझं ऐकून तसं वागायला.

‘आठ हजार येत व्हते,’ ती म्हणाली. ‘मेंढरं न्हाईत.’

‘म्हंजी, गावाकडं हायेत,’ कल्याण म्हणाला.

‘गावाकडं गवत हाये. मेंढरं ईकली. बावीस महिने झाले. ईकल्याचे पैसे मी थोडे थोडे आनून देत व्हते. ते बी आता सरत आले.’

शिवकन्येच्या बोटातलं अंगुस्तान चौकटीवर एकदा टिक करून वाजलं. कल्याणनं फोनवरचं बोट उचललं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून, आपल्या आजीशी बोलावं तसं म्हणाला, ‘मावशी, मी हे ऐकलं न्हाई असं समजू का? अर्ज झालाय भरून. घरचं घरात राहील.’

‘तुला कान हायेत ना?’ गोपिकाबाई म्हणाली. ‘मंग ऐक. अन् ऐकलं ते लिही. पगार घेतो ना याचा?’

त्यानं लिहिलं. काचेवर त्याचं बोट खाली सरकत गेलं. मग तो थांबला. ‘घरात दुसऱ्यावर अवलंबून किती, इथं एक लिहिलंय. पोरगी असंल.’ ‘रेणू,’ शिवकन्या म्हणाली, ‘चौथीत हाये.’ बोट काचेच्या वर अर्धी वीत थांबलं होतं. त्याला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं, हे गोपिकाबाईनं ओळखलं, आणि हा अनोळखी पोरगा आपल्याला जपतोय याची तिला त्याच्या चौकशीपेक्षा जास्त लाज वाटली. ‘एकाचे दोन कर,’ ती म्हणाली. ‘जल्दी कर, बोट दुखंल तुझं.’

अर्जात बदल झाला तर अर्जदाराला तिथूनच कळवावं लागतं, असं म्हणून कल्याणनं परमेश्वरला फोन लावला, दोन वाक्यं बोलला, आणि फोन तिच्याकडं दिला. पलीकडं पोती आपटल्याचे आवाज येत होते, कुणीतरी ट्रकवाल्याला मागं घे, मागं घे म्हणत होतं. ‘माय,’ परमेश्वर म्हणाला, ‘हे काय म्हणून राह्यला हा?’ ‘खरं म्हणतोय.’ मग बराच वेळ नुसती पोतीच आपटत राहिली. तिनं मोजली. चार. ‘मी अर्ज भरायलो तवा तरी सांगायचं व्हतं.’ ‘तू इचारलं न्हाई.’ ‘मेंढरांचं इचारत असतेत का, माय?’ तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. ‘राह्यले किती?’ त्यानं विचारलं. ‘सत्तावीस.’ ‘ते राहू दे तुझ्याजवळ,’ परमेश्वर म्हणाला, ‘घरात नको देत जाऊ आता. ट्रक लागलाय, ठेवतो.’ आवाज चढला नव्हता. तो चढला असता, त्यानं दोन शब्द वावगे काढले असते, तर तिनं चार काढले असते आणि दोघं मोकळे झाले असते. पण तो रेणूशी बोलतो तसं बोलला होता. तिनं फोन कल्याणला परत दिला आणि हात पदराला पुसले.

‘कार्ड येईल का?’ शिवकन्येनं विचारलं. ‘येईल ताई. चोविसाच्या कमाईवर येईल. पर मशीनीएवढं बसंल का त्यात, सांगता येत न्हाई.’ चहा नको म्हणून तो उठला. दारात चपला घालताना वाकून, गोपिकाबाईच्या पायाशी हात नेल्यासारखं केलं त्यानं, पुरता नेला नाही. गल्लीत त्याची गाडी सुरू झाली, समोरच्या दारात द्वारकाबाई कोण आल्तं म्हणून बघत होती. गोपिकाबाईनं दार लोटून घेतलं नाही. उघडंच ठेवलं. बसली.

शिवकन्या मशीनवर गेली नाही. परातीत पीठ घेतलं तिनं, पाणी ओतलं, आणि पाठ करून मळू लागली. मग पाठ न वळवता म्हणाली, ‘मला दिवाळीपासून वाटतच व्हतं.’ ‘मंग बोलली काहून न्हाई?’ ‘काय बोलू? तुम्ही आनून देत व्हत्या.’ एवढंच बोलली. त्यात टोमणा होता की उपकार, की नुसती गोष्ट होती तशी सांगितली होती, हे गोपिकाबाईला कळेना. कालपर्यंत तिला माणसाच्या आवाजातला कण न कण कळत होता. आता आवाज तोच होता, आणि ती त्याच्याभोवती चाचपडत होती, परक्या घरात रात्री पाण्याचा माठ शोधावा तसं. या पोरीचा बाप, तिचा भाऊ, याला हे कधी कळेल, आज का रविवारी. मशीन नाही म्हटल्यावर पोरगी रडेल का, रडली तर कुणापुढं. हे सगळं ती बसल्या जागी ऐकत होती, कारण पाठीवरून दिसत नव्हतं.

पहिली भाकरी फुगली. शिवकन्येनं ताट वाढून समोर आणून ठेवलं, रोजच्यासारखंच, आधी तिचं. गरम भाकरी, बेसन, कांदा. गोपिकाबाईनं भाकरी मोडली. वाफ बोटांना लागली. ताटात ठेचा नव्हता. रोज असायचा की नाही, हे तिला एकदम आठवेना. रोज तिनं ताटात काय आहे ते बघितलंच नव्हतं, जे नसेल ते मागितलं होतं. तिनं घास मोडून हातात तसाच धरला. मागावा का नाही, असा विचार मनात आला आणि त्या विचारानंच तिचं डोकं तापलं. आता या घरात मला ठेचा मागायचा विचार करावा लागतो व्हय? ‘शिवकन्ये, ठेचा आण,’ ती म्हणाली. आवाज जरा मोठा निघाला, लागतो त्यापेक्षा.

‘घ्या ना उठून, आत्या. फडताळातच हाये,’ शिवकन्या म्हणाली. ‘माझे हात पिठाचे हायेत.’

हात पिठाचेच होते. कोपरापर्यंत. पण असं ही याच्याआधी कधी म्हणाली होती का? चार वर्षांतली सगळी दुपारची जेवणं गोपिकाबाई झराझरा उलटून बघू लागली. म्हणाली असेल. एकदा पावसाळ्यात म्हणाली होती बहुतेक, का ती मीना होती, का दुसरंच कुणी. सापडेना. तव्यावर दुसरी भाकरी पडली, आणि शिवकन्येनं वळून बघितलं नाही, किंवा बघायचं कारणच नव्हतं म्हणून बघितलं नाही. गोपिकाबाईनं घास ताटात ठेवला. एक हात जमिनीला टेकवला, दुसरा गुडघ्यावर, आणि ती उठली. फडताळापर्यंत पाच पावलं होती. डब्याचं झाकण घट्ट होतं, ते पदरात धरून तिनं उघडलं, चमचाभर ठेचा वाटीत घेतला, झाकण पुन्हा जिथल्या तिथं दाबून बसवलं, आणि ताटावर येऊन बसली. भाकरी अजून गरम होती.